नीळ उतरेपर्यंत

कालव्याचं पाणी दुरुस्तीसाठी बंद होणार, ही बातमी पाटकऱ्याने सायकलवरून न उतरताच सांगितली आणि तो पुढे निघून गेला. पुन्हा कधी सुटणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. विहीरवाल्याला अशा बातमीचं काही वाटत नाही. पण रंगाऱ्याचं सगळं घर पाण्यावर चालतं. कापड भिजवायला पाणी, हौदांना पाणी, आणि रंगवून झाल्यावर नितळ निघेपर्यंत धुवायला तर किती पाणी लागतं ते विचारू नये. व्यापाऱ्याने टाकलेली कापडाची पांढरी ठाणं पुढच्या खोलीत आढ्याला टेकली होती. ती सगळी पाणी जायच्या आत निळी व्हायला हवी होती.

घरात माणसं तीन. रंगारी, त्याची म्हातारी आई आणि बायको. लेक लग्न होऊन शहरात गेलेली. तिन्ही माणसांचे हात कोपरापर्यंत निळे. म्हातारीने तर हौदाचं काम सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी ठाणांच्या घड्या घालता घालता तिच्याही तळव्यांना नीळ लागायचीच.

बायकोला घरात टेकू म्हणत. नाव नवऱ्यानेच ठेवलेलं, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, लाडाने. दोन बादल्या आणल्या की ती भिंतीला टेकायची. चार ठाणं पिळली की खांबाला टेकायची. आणि टेकायला काही मिळालंच नाही, तर आहे तिथेच गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसायची आणि तोंडाने श्वास घ्यायची. म्हातारी म्हणायची, "आमच्या वेळी बस म्हटलं तरी बसायला फुरसत नव्हती." टेकू त्यावर हसायची. दमलेल्या माणसाला हसणं सोपं पडतं, उत्तर द्यायला दम लागतो.

पण हौदाची चव तिच्याइतकी कुणाला कळत नसे. नीळ मुरली की नाही, चुना जास्त झाला की कमी, आंबवायला घातलेला गूळ पुरला की नाही, हे रंगारी लोक जिभेवर घेऊन ठरवतात. टेकूचा बापही रंगारीच. दुधाचे दात पडायच्या आधीपासून बोट हौदात बुडवून चाटायची तिला सवय. सकाळी ती चारही हौदांशी बसायची, एकेका हौदात बोट बुडवून जिभेवर ठेवायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "हा आला. तो उद्या. त्याला अजून गूळ घाला." मग दिवसभर तिचे ओठ निळसर, जीभ निळी. त्याचं त्या घरात कुणालाच काही वाटत नसे.

पाटकरी येऊन गेल्यावर कामाची नुसती झुंबड उडाली. उजाडायच्या आत भट्टी पेटायची. ओलं ठाण हौदात सोडायचं, काठीने दाबून धरायचं, आणि वर काढलं की दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं. हौदातून निघतं तेव्हा ते पिवळट हिरवं दिसतं. वारा लागला की बघता बघता निळं पडतं. मग पुन्हा बुडवायचं. रंगारी जोर काढणारा गडी, त्याला घाई झाली की तो दात ओठ खाऊन काम करायचा. समोरचं टोक टेकूच्या हातात.

अशाच एका सकाळी ते टोक तिच्या हातून सुटलं. ओलं जड ठाण सरकत सरकत हौदात गेलं आणि तळच्या गाळात बसलं. आता त्यावर डाग पडणार, हे दोघांनाही कळलं.

"लक्ष कुठे आहे तुझं?" रंगारी ओरडला. "हातात जोर नाही का? सकाळचं खाल्लेलं जातं कुठे?"

 टेकू हौदाच्या कडेला उकिडवी बसली होती. खांदे वर, मान पुढे, छाती भात्यासारखी हलत होती. म्हातारी दारातून म्हणाली, "बसली! कामाच्या ऐन वेळी हिचं बसणं काही चुकत नाही."

नेमका त्याच वेळी लेकीचा फोन आला. लेकीला समोर चेहरा दिसल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नसे. रंगाऱ्याने ओल्या हाताने फोन घेतला आणि टेकूसमोर धरला. 

"आईला काय झालंय?"

"काही नाही गं. जरा दम लागलाय."

"याला जरा म्हणतात? बाबा, तिला बोलता येत नाहीये!"

तिने तिथूनच सगळं ठरवलं. मोबाइलवर डॉक्टर बघतात, जायचं यायचं काही नाही, तुम्ही फक्त फोन धरून बसा, आणि मध्ये मध्ये बोलू नका. हे शेवटचं तिने बापाला दोनदा बजावलं.

घरात सिग्नल यायचा नाही. मागच्या बाजूला, हौद आणि भट्टी होती तिकडे यायचा, आणि ठाणं वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी, भिंतीच्या कोपऱ्यात सगळ्यांत चांगला. तिथे खुर्ची मांडली. म्हातारीने सुनेला तोंड धुवायला लावलं, केस विंचरायला लावले, जपून ठेवलेले कपडे घालायला लावले. डॉक्टर असली तरी परकी बाई घर बघणार होती. टेकू एवढ्या तयारीनेच दमली. पण खुर्चीत बसून होती, त्यामुळे दिसायला ठीक दिसत होती.

पडद्यावर एक तरुण बाई आली. कानात वायर, मागे पांढरी भिंत.

"नमस्कार. पेशंट कोण?"

पडद्यात तिघांची तोंडं दाटीवाटीने मावली होती. रंगाऱ्याने बोटाने बायको दाखवली.

"दम कधी लागतो तुम्हाला?"

"काम सांगितलं की लागतो," म्हातारी म्हणाली. रंगाऱ्याला हसू आलं. टेकूलाही आलं.

"मी त्यांना विचारतेय, आजी."

"विचारा की," रंगारी म्हणाला. "पण तीही तेच सांगेल. तिला पहिल्यापासून बसायची सवय आहे, डॉक्टर. तब्येतच नाजूक. बाकी खाणं पिणं चांगलं आहे."

"ताई, तुम्ही बोला. चढावर चालताना मध्ये थांबावं लागतं?"

टेकूने नवऱ्याकडे पाहिलं. "थांबते कधी कधी," ती म्हणाली. "सगळेच थांबतात ना?"

"हात दाखवा जरा."

तिने हात पुढे केले आणि डॉक्टरीण बाई खुर्चीत एकदम ताठ झाली. "हे कधीपासून असे आहेत?"

इथे रंगाऱ्याला राहवलं नाही. त्याने स्वतःचा हात फोनसमोर आणला, आईचा हात ओढून आणला. "हे बघा! हा माझा, हा आईचा. मग आम्ही सगळेच आजारी! अहो बाई, ही नीळ आहे. आम्ही रंगारी. ते मागे बघा, दोऱ्यांवर काय वाळतंय!"

"आणि ओठ? जीभ बघू."

"चव घेते ती हौदाची. जीभ निळी नाही असा रंगारी दाखवा मला."

तिघंही हसत होती. डॉक्टरीण हसली नाही. ती पडद्याच्या जवळ आली.

"रंगाचं राहू द्या. ताई, बोटांची टोकं कॅमेऱ्याजवळ धरा. आणखी जवळ. अशी आडवी." ती थोडा वेळ बघत राहिली. "तुमच्या बोटांची टोकं जाड झाली आहेत, नखं फुगून गोल झाली आहेत. हे रंगाने होत नाही."

"पिळून पिळून होतं ते," रंगारी म्हणाला.

"मग तुमची नखं सपाट कशी?"

त्याने स्वतःच्या नखांकडे पाहिलं.  "बायकांचे हात वेगळे असतात," तो म्हणाला.

"हे बघा," डॉक्टरीण म्हणाली, "मला इथून छाती ऐकता येत नाही. मी यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवते आहे. चिठ्ठी फोनवर येईल, कुठे जायचं ते त्यात आहे. याच आठवड्यात जा. तोपर्यंत जड काम बंद. आणि जाताना हाताचा रंग जमेल तेवढा उतरवून जा, म्हणजे त्यांना तपासायला सोपं जाईल."

फोन बंद झाला. म्हातारी म्हणाली, "हृदयाच्या डॉक्टरकडे! नीळ ओळखता येत नाही आणि हृदय ओळखते!"

दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर रंगाऱ्याने ही गोष्ट सांगितली. त्याच्या अंगात नकलेची कला होती. कानात वायर असल्यासारखं बोट घालायचं, डोळे मोठे करायचे, आणि बारीक आवाजात विचारायचं, "हे कधीपासून असे आहेत?" लोक हसून हसून लोळायचे. सुतार म्हणाला, माझ्या अंगाला भुसा दिसला तर मला कुठे पाठवतील? टपरीवाल्याने तर जो येईल त्याच्यासमोर रंगाऱ्याला नक्कल करायला लावली. चार लोकांनी आपल्यासाठी थांबावं असं रंगाऱ्याच्या आयुष्यात फारसं झालेलं नव्हतं. तो रोज थोडं थोडं वाढवून सांगू लागला.

घरी त्याने टेकूलाही नक्कल करून दाखवली. ती इतकी हसली की तिला खोकला आला आणि ती खांबाला टेकली.

चिठ्ठी फोनवर पडून होती. लेक रोज विचारायची, "कधी जाताय?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय, रंग उतरवून जा," रंगारी म्हणायचा. "आता काम चालू असताना रंग उतरणार कसा? पाणी बंद झालं की हात मोकळे. मग जातो."

"जमेल तेवढा म्हणाल्या होत्या, बाबा."

"अर्धा रंग घेऊन गेलो की तो दुसरा डॉक्टरही फसेल. मग तिसऱ्याकडे पाठवेल."

हे बोलणं त्याला मनापासून पटलेलं होतं, हेच वाईट. तो काही दुष्ट माणूस नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. पण आयुष्यभर जो निळा रंग त्याने हाताने घातला, त्याच्यापलीकडे दुसरा निळा असू शकतो, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

आणि टेकूलाही जायचं नव्हतं. लेकीने तिला फोनवर एकटीला गाठून विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तिथे जाऊन काही निघालं नाही तर? आई म्हणतील, कामाच्या दिवसांत दवाखान्याचं निमित्त केलं. आधीच काय काय म्हणतात. त्यापेक्षा काम उरकू दे गं."

एकदा त्या डॉक्टरीण बाईने स्वतःच फोन केला. रंगारी तेव्हा भट्टीपाशी होता, काखोटीला लाकडं.

"तुम्ही अजून गेला नाहीत, असं तुमची मुलगी म्हणते."

"रंग उतरायचाय अजून."

"रंग नाही उतरला तरी चालेल. तसेच जा. माझं ऐका."

"हो, हो. जातो उद्याच," तो म्हणाला.

"कोण होतं?" टेकूने हौदाशी बसून विचारलं.

"कोण असणार? तुझी निळी डॉक्टरीण."

ती हसली. त्याने लाकडं भट्टीत सारली आणि नवं ठाण उलगडलं. उद्या ठाणं धुवायची होती, परवा घड्या घालायच्या होत्या. हे सगळं त्याला पुढे पुन्हा पुन्हा आठवलं. बाई एवढं स्पष्ट बोलली होती, आणि आपण लाकडं सारली.

पाणी जायच्या आधीचे दिवस फार कठीण गेले. टेकूच्या पायांवर सूज आली होती. उभं राहून पायांत पाणी उतरतं, असं म्हातारी म्हणाली आणि तिने स्वतः सुनेचे पाय चोळून दिले. ठाणाचं टोक आता टेकूला पेलत नव्हतं, म्हणून ती ते कमरेला गुंडाळून घ्यायची आणि सगळं अंग मागे टाकून पीळ द्यायची. रंगारी ओरडेनासा झाला होता. तो तिची वाट बघत उभा राहायचा आणि कालव्याच्या बाजूला बघत राहायचा. तरी काम झालं. शेवटचं ठाण दोरीवर पडलं त्याच दिवशी कालव्याची पातळी उतरू लागली. व्यापाऱ्याची गाडी आली, माल घेऊन गेली. रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

मग हौद कोरडे पडले. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं घर पाय पसरून बसलं. टेकू तर दिवसभर निजूनच असायची. यावेळी तिला कुणी बोललं नाही.

नीळ अंगावरून हळूहळू जाते. आधी मनगटं उजळतात, मग तळवे, नखं सगळ्यांत शेवटी. रंगारी राख लावून, वीट घासून हात धुवायचा. त्याचे हात गव्हाळ दिसू लागले, तेव्हा त्यालाच ते परक्याचे वाटले. टपरीवाला म्हणाला, "ओळखलं नाही तुला."

एका सकाळी म्हातारी आणि सून उन्हात बसून शेंगा सोलत होत्या. दोघींचे हात एकाच ताटात. म्हातारीचे हात थांबले.

"दाखव गं हात," ती म्हणाली.

टेकूने दाखवले. तळवे स्वच्छ झाले होते. पण बोटांची टोकं निळी होती. नखं निळी होती. म्हातारीने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कितीतरी दिवस कुणी हौद चाखला नव्हता. ओठ जांभळट निळे होते.

"अरे, इकडे ये," म्हातारीने मुलाला हाक मारली. तिचा आवाज ऐकून तो धावतच आला.

त्याने आधी बघितलं, मग साबण आणला. राख आणली, वीट आणली. टेकूचा हात मांडीवर घेऊन तो एकेक नख घासू लागला. जुनी नीळ असेल, नखात मुरली असेल, निघेल, असं पुटपुटत होता. कातडं लाल झालं, नख मात्र तसंच. "अहो, दुखतंय," टेकू म्हणाली. तो थांबेना. शेवटी म्हातारीने त्याच्या हातातली वीट काढून घेतली आणि लांब फेकली. "नीळ नाही ती," ती म्हणाली, आणि तोंड झाकून रडायला लागली.

हृदयाचे डॉक्टर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर बसत. लिफ्टपाशी ही गर्दी. त्यांनी जिना धरला. टेकू जिन्याच्या वळणावर उकिडवी बसली. येणारे जाणारे वळसा घालून जात होते, एक बाई नाक मुरडून म्हणाली, "बाजूला तरी बसा." रंगारी तिच्या बाजूला पायरीवर बसून राहिला. लेक पुढे नंबर लावून थांबली होती.

डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी मोबाइलवरची चिठ्ठी वाचली, कामाचं विचारून घेतलं, प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावून बघितला, छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिघांना समोर बसवलं.

"ओठ, नखं निळी कधीपासून आहेत?"

लेकीने बापाकडे पाहिलं.  इतक्या वर्षांच्या संसारात, हौद कोरडे पडेपर्यंत, बायकोचे हात त्याने रंगाशिवाय पाहिलेच नव्हते. लग्नात पाहिले होते तेही बापाच्या हौदातून निघालेले. काय सांगणार?

"माहीत नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं. मधल्या पडद्याला जन्मापासून भोक. शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळतंय, म्हणून ओठ, नखं निळी. लहानपणी दिसलं असतं तर भोक बंद करता आलं असतं. आता फुप्फुसांच्या नळ्या कडक झाल्या आहेत, आता ते बंद करणं धोक्याचं.

"म्हणजे ऑपरेशन नाही?" लेकीने विचारलं.

"नाही. गोळ्या देतो. श्वासाला थोडा आराम पडेल."

"त्या मोबाइलवरच्या बाईंनी सांगितलं तेव्हाच आलो असतो तर?" रंगारी म्हणाला.

 "भोक तेव्हाही बंद झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "पण त्यानंतर जे काम केलंत, ते या हृदयाला झेपणारं नव्हतं. आता ते दमलंय. पायांवरची सूज त्याचीच. थोडी वर्षं तरी हातात होती. आता मी काही सांगू शकत नाही."

लेक रडू लागली. रंगारी मेजाच्या कडेकडे बघत राहिला. टपरीवरचं हसणं त्याच्या कानात होतं, आणि ते कसंही करून बंद होत नव्हतं. आपलं तोंड बडवावं असं त्याला झालं.

टेकू मात्र कागदावरच्या चित्राकडे बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "याच्यामुळे माणसाला दम लागतो का? म्हणजे, लहानपणापासून?"

"लागणारच. तुम्ही एवढं काम करत होता हेच नवल आहे."

"चार पावलं गेलं की बसावंसं वाटतं, ते यानेच?"

"हो. यानेच."

"मी आळस करत नव्हते मग."

"आळस? छे. दुसरं कुणी असतं तर अंथरुणातून उठलं नसतं."

तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मोठं, मोकळं हसू. बाकीचं तिने ऐकलं होतं की नव्हतं, कोण जाणे. तिने नवऱ्याच्या बाहीला धरून त्याला हलवलं आणि डॉक्टरांकडे वळली.

"हे जरा यांना पुन्हा सांगा ना," ती म्हणाली. "नीट ऐकू येईल असं सांगा. घरी आईंना सांगायचंय त्यांना."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती, आणि नवरा ऐकतोय ना, हे वळून वळून बघत होती.